वीस पावलांवरचे हरिण

अमेरिकेला जाऊन आलेल्या बायकांनी नायगाऱ्याच्या धबधब्याचे वर्णन करायचे, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. मी नायगारा पाहिला नाही. माझी मुलगी राहते विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहरी, आणि तिथून नायगारा मुंबईपासून नागपूर असावे त्याहूनही लांब. मी गेले ऑगस्टात आणि परतले डिसेंबरात. या चार महिन्यांत मी जे काही पाहिले त्यातले सांगण्यासारखे एकच : एका मध्यमवर्गीय मराठी माणसाने धनुष्य आणि चाकू कसा विकत घेतला. हा माणूस म्हणजे आमचे जावई. जन्म पुण्याचा, शिक्षण इंजिनिअरिंगचे, आणि वयाच्या चाळिशीपर्यंत ढेकणापलीकडे कशाची हत्या केल्याचा आरोप नाही.

मॅडिसन हे तळ्यांचे शहर. मेंडोटा आणि मोनोना या दोन मोठ्या तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर गावाचा मध्यभाग वसला आहे आणि त्या पट्टीवर राज्याच्या विधानभवनाचा पांढरा घुमट दिमाखाने उभा आहे. ही भूमी मूळची हो-चंक लोकांची. पश्चिमेला अर्धा तास मोटार हाकली की सपाटी संपते आणि टेकड्या सुरू होतात. हिमयुगातल्या बर्फाच्या लाद्यांनी आजूबाजूचा मुलूख रगडून सपाट केला, पण हा तुकडा कसा कोण जाणे त्यांच्या तडाख्यातून सुटला. त्यामुळे इथे दऱ्या आहेत, ओढे आहेत, ओकची राने आहेत, आणि त्यांच्या मधूनमधून मक्याची व सोयाबीनची शेते आणि लाल रंगाची प्रचंड गोठेघरे. रान आणि शेत असे खेटून असले म्हणजे हरणांची चंगळ. दिवसा रानात विसावा, रात्री मक्यात जेवण.

आणि अधूनमधून मुलीच्या परसात फराळ! पांढऱ्या शेपटीचे हे हरिण आपल्या चितळाएवढे, पण अंगावर ठिपके नाहीत. ठिपके फक्त पाडसांना. शेपटी उभारून पळाले म्हणजे पांढरा रुमाल हलवीत गेल्यासारखे दिसते. पहिल्या दिवशी खिडकीतून मी ते पाहिले तेव्हा हात जोडायचीच बाकी होते. आठव्या दिवशी त्याने घेवड्याचा वेल मुळापर्यंत खाल्ला, तेव्हा माझी भक्ती बरीच ओसरली. या एका राज्यात १५ लाखांहून अधिक हरणे आहेत. दक्षिण भागात लांडगा जवळजवळ उरलेला नाही; मोटारीखाली मात्र पुष्कळ हरणे मरतात, आणि कधी त्यांच्याबरोबर मोटारीतली माणसेही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झाले. आपली राने आटली, जनावरे थोडी राहिली. तिथे हिशेब उलटा आहे. हरणे किती असावीत आणि किती कमी करावीत हे सरकार दरवर्षी ठरवते, परवाने देते, आणि मारलेल्या प्रत्येक हरणाची दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंद करावी लागते. मांस विकायला बंदी. खा, वाटा, अन्नछत्राला द्या, विकायचे नाही.

जावयांच्या डोक्यात हे खूळ भरले शेजाऱ्यामुळे. हे शेजारी म्हणजे सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शेतकरी. गाई विकल्या, गोठा रिकामा केला आणि बायकोच्या दुखण्यासाठी शहरात राहायला आले. पण टेकड्यांतले ओकचे रान मात्र त्यांनी विकले नव्हते. वयाने माझ्याहून चार वर्षांनी वडील असून ते मला ‘ग्रँडमा’ म्हणत. मीही मनातल्या मनात त्यांना शेतकरीबुवा म्हणत असे. मुलीची मोडलेली बाग पाहून ते जावयांना म्हणाले, “माझ्या रानात या. मांस वर्षभर पुरेल.”

मुलीने त्या रात्री जेवताना दोन अटी घातल्या. पहिली, घरात बंदूक येणार नाही. बारा वर्षांचा मुलगा आहे, आणि त्या देशातल्या बातम्या आपणही वाचतोच. दुसरी अट तिने ताट उचलता उचलता सांगितली, पण मला तीच खरी वाटली. “जखमी करून सोडणार असाल तर जाऊच नका. मारायचे तर मारून, शोधून, घरी आणायचे.”

मी काही बोलले नाही. आम्ही मालवणकडची मासे खाणारी माणसे. सुरमईच्या तुकडीवर लिंबू पिळता पिळता अहिंसेवर प्रवचन करायला मला जमत नाही.

बंदूक वगळली म्हणजे धनुष्य राहते, आणि योगायोगाने हे राज्य त्या बाबतीत मोठे मातब्बर. हरणांसाठी धनुष्याचा खास मोसम अमेरिकेत प्रथम सुरू झाला तो इथेच, १९३४ साली, सॉक आणि कोलंबिया या दोन जिल्ह्यांत. त्याच सुमारास मॅडिसनच्या विद्यापीठात आल्डो लिओपोल्ड नावाचे प्राध्यापक वन्यजीवांचे शास्त्र शिकवीत होते. निसर्गरक्षणाच्या विचाराचे ते आज आद्यगुरू मानले जातात. १९४८ मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी निघालेले त्यांचे वाळवंटी जिल्ह्याच्या रोजनिशीचे पुस्तक जगभर गेले. हे गृहस्थ स्वतःच्या हाताने धनुष्ये तासून शिकारीला जात, आणि त्यांच्या पत्नी तर राज्याच्या महिला धनुर्धारींमध्ये अजिंक्य होत्या. मला हे ऐकून फार बरे वाटले. प्राध्यापकाची बायको नवऱ्याहून नेमबाज!

त्याआधीचा एक धागा कॅलिफोर्नियातला. १९११ साली ओरोव्हिल गावाजवळ एक रेड इंडियन माणूस उपाशी, एकटा सापडला. याही जमातीतला तो शेवटचा. त्याला इशी म्हणत. सॅन फ्रान्सिस्कोत सॅक्स्टन पोप नावाच्या शल्यवैद्याशी त्याची गट्टी जमली. इशीने डॉक्टरांना धनुष्य करायला, दबा धरायला, हरणाच्या जवळ जायला शिकविले. आणि १९१६ मध्ये तो क्षयाने वारला. डॉक्टरांनी १९२३ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि शहरी अमेरिकन माणसाला धनुष्याचे वेड लागले. ज्यांची जमात नाहीशी झाली त्यांची विद्या नाहीशी करणाऱ्यांच्या घरी राहिली, असा हा प्रकार आहे. शेतकरीबुवांना मी हे बोलून दाखविले. ते बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “खरे आहे.”

१९७३ नंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा परवाना हवा तर आधी शिक्षणक्रम पुरा करावा लागतो. जावई तो उत्तम गुणांनी पास झाले आणि एका शनिवारी आमची वरात धनुष्याच्या दुकानात गेली : जावई, नातू, शेतकरीबुवा आणि मी. मुलगी आली नाही.

दुकान म्हणजे आपल्या सायकलच्या दुकानासारखे. भिंतीवर धनुष्ये टांगलेली, मागे लांबच लांब खोली, तिच्या टोकाला गवताच्या पेंढीसारखी निशाणे. मालकीण पन्नाशीची, केस आखूड, बोलणे त्याहून आखूड. तिथे मला कळले की धनुष्याच्या तीन जाती आहेत. एक जुनी, नुसत्या लाकडाची किंवा टोके उलटी वळलेली. शेतकरीबुवा ती वापरतात. दुसरी चाकांची, जिला कंपाउंड म्हणतात. तिसरी आडवी, दांड्यावर बसविलेली, बंदुकीसारखी खांद्याला लावून चाप ओढायचा. ही तिसरी जात या राज्यात २०१४ पासून सर्वांना खुली झाली आहे. पण मुलगी हिला बंदूकच म्हणेल, हे जावयांनी ओळखले. (चाप या शब्दाचा मूळचा अर्थ धनुष्यच, हे मी बाईंना सांगणार होते; पण आमच्या इंग्रजीने मध्येच दगा दिला.)

जुन्या धनुष्याला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो, म्हणून नवख्याने चाकांचे घ्यावे, असा शेतकरीबुवांचा सल्ला पडला. ही चाकांची युक्ती मिसूरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन या गृहस्थांची. १९६९ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. साध्या धनुष्यात दोरी जितकी ओढावी तितकी जड होत जाते आणि नेम धरायच्या वेळीच सगळा भार बोटांवर येतो. चाकांच्या धनुष्यात निम्म्या वाटेवर कळस लागतो आणि पुढे चाके फिरली की भार एकदम उतरतो. पन्नास पौंडांची ओढ असेल तर शेवटी हातात दहाच पौंड राहतात. माणूस श्वास घेऊन, विचार करून, नेम धरू शकतो. आणि विचार करून दोरी पुन्हा सैलही सोडू शकतो, हे त्यात महत्त्वाचे.

दोरी बोटांनी नव्हे, मनगटाला बांधलेल्या पट्ट्याच्या आकड्याने धरतात. म्हणजे आता अंगठ्याचे काहीच काम नाही! द्रोणाचार्यांनी गुरुदक्षिणेत पट्टा मागितला असता तर एकलव्य बाजारातून दुसरा घेऊन आला असता. त्या आकड्यालाही एक चिमुकला चाप असतो. मी हे मुलीला अजून सांगितलेले नाही.

बाईंनी आधी जावयांचा डोळा तपासला. दोन्ही हातांच्या पंजांचा त्रिकोण करून त्यातून दूरची वस्तू पाहायची, मग एक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो डोळा धनी. उजवा डोळा धनी असेल तर उजव्या हाताचे धनुष्य. मग हात पसरायला लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत मापले. ६८ इंच भरले, त्याला अडीचने भागले : दोरी सत्तावीस इंच मागे यायला हवी. शिंप्याने माप घ्यावे तसे सगळे मुकाट्याने चालले होते. मग आला ओढीचा प्रश्न.

जावयांनी भिंतीवरचे सत्तर पौंडांचे धनुष्य मागितले. पुरुष मंडळींचे असेच असते. मिसळ मागवताना ‘जास्त तिखट’ म्हणतात ना, तसे. त्यांनी धनुष्य आकाशाकडे उचलले, दात आवळले, पाठ वाकडी केली आणि दोरी ओढली खरी. नातवाने टाळ्या वाजविल्या. बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी एक तिवई आणली आणि तिच्यावर जावयांना बसायला सांगितले. “आता पाय जमिनीवरून उचला. धनुष्य निशाणाकडे सरळ धरा. वर नाही, खाली नाही. आता हळूहळू ओढा.”

दोरी अर्ध्यावर आली आणि तिथेच थरथरत राहिली. बाईंनी ते काढून साठाचे दिले. साठही तसेच. मग त्यांनी पन्नास ते साठच्या जातीतले एक घेतले, पेच फिरवून ५२ वर आणले. दोरी लोण्यासारखी मागे आली.

“हरिण समोर असताना तुम्ही आकाशाकडे हात नेलात तर ते निघून जाईल,” बाई म्हणाल्या. “तीन तास थंडीत बसल्यावर अंगात इथल्यापेक्षा कमी जोर असतो. हे ५२ पुष्कळ झाले. कायद्याला तीसच लागतात.”

जावयांचा चेहरा उतरला होता. परत येताना मोटारीत शेतकरीबुवांनी त्यांना आपली एक हकीकत सांगितली. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी गावातले सर्वांत जड धनुष्य घेतले होते. एका तिन्हीसांजेला पंचेचाळीस पावलांवर हरिण दिसले. ओढताना हात कापला, बाण पोटात मागच्या बाजूला लागला. रक्त ओढ्यापर्यंत सापडले. पुढे दोन दिवस त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी रान पालथे घातले. हरिण मिळाले नाही. एवढे सांगून ते खिडकीबाहेर पाहू लागले. मग आम्ही घरी पोचेपर्यंत कोणी बोलले नाही, आणि ५२ पौंडांबद्दलची जावयांची कुरकूरही मला पुन्हा ऐकू आली नाही.

बाण ठोसा मारून जीव घेत नाही, हे मला इथे प्रथमच समजले. बंदुकीची गोळी आघात करते. बाण फक्त कापतो. सगळा बाण टोकासकट जेमतेम २७ ग्रॅमचा. तो फुप्फुसातून आरपार गेला तर हरिण काही सेकंदांत कोसळते. त्याला काय झाले हेही बहुधा कळत नाही. पण म्हणूनच बाणाच्या फाळाला वस्तऱ्याची धार हवी आणि तो जायला हवा नेमका तिथेच. फाळाची रुंदी कायद्याने निदान ७/८ इंच. बाजारात दोन जाती : एक ताठ पात्यांचा, दुसरा छत्रीसारखा लागल्यावर उघडणारा. उघडणाऱ्याला उघडण्यातच जोर खर्च होतो, तेव्हा बेताच्या ओढीच्या धनुष्याला ताठ पात्याचा बरा. शंभर ग्रेन वजनाचा घेतला. (ग्रेन म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित अधिक, मी तिथल्या तिथे हिशेब करून दाखविला तेव्हा दुकानातल्या बाई पहिल्यांदा हसल्या.)

मग चाकू. इथे मात्र मी पुढे झाले. चाळीस वर्षे विळीवर मासे साफ केलेल्या बाईला पात्यातले थोडेफार कळते.

नातवाला हवा होता हातभर लांबीचा, पाठीला करवतीचे दात असलेला, सिनेमातला. काचेखाली तसे पुष्कळ होते. मी शेतकरीबुवांना विचारले, “तुमचा कुठे आहे?” त्यांनी कमरेचा काढून माझ्या हातावर ठेवला. पाते साडेतीन इंच. बस्स! पाठ टोकाकडे हळूच उतरलेली, पोट किंचित गोल, मूठ साध्या लाकडाची. गुळगुळीत नाही, खरखरीत. मला तो पाहताच पटला. आपल्या विळीत पाते जागचे हलत नाही, मासा हलतो. म्हणून ते मोठे असले तरी चालते. चाकूचे उलट आहे. जनावर जागेवर असते आणि पाते आत, न दिसणाऱ्या ठिकाणी फिरते. तिथे बोटाच्या लांबीहून लांब पाते म्हणजे आतडे फोडण्याचे साधन. आणि आतडे फुटले की मांस नासले, हे बांगडा चिरणाऱ्या कोणत्याही बाईला सांगावे लागत नाही.

घडीचा चाकू मी नाकारला. त्याच्या सांध्यात चरबी आणि रक्त बसते, ते निघता निघत नाही. सर्जनच्या चाकूसारखी बदलती पाती असलेला एक प्रकार होता, त्याची धार भयंकर. पण पाते इतके पातळ की हाडाशी जरा मुरगळले तर आतच तुटेल आणि अंधारात ते बोटात जाईल. पोलाद दोन तऱ्हेचे. साध्या पोलादाला धार चटकन लागते पण गंज चढतो. न गंजणाऱ्याला दगडावर जास्त घासावे लागते. जावयांचा आळस ध्यानात घेऊन मी न गंजणारे निवडले. पाते मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध गेलेले. आणि मूठ भडक नारिंगी. जावयांना लाकडाची देखणी मूठ हवी होती, पण ओकच्या वाळक्या पानांत लाकडी मूठ खाली ठेवली की ती पानच होते. नारिंगी मूठ कंदिलाच्या उजेडात लगेच दिसते.

सप्टेंबरच्या मध्यावर मोसम उघडला, पण जावई काही रानात गेले नाहीत. शेतकरीबुवांचा दंडक असा की वीस यार्डांवरून, बसून, जाड कोट घालून, दिवसाच्या पहिल्याच बाणाने बशीएवढ्या वर्तुळात सलग दहा दिवस नेम लागला पाहिजे. पहिलाच बाण, कारण रानात दुसरा मिळत नाही. सहाव्या दिवशी कोटाच्या बाहीला दोरी घासली आणि बाण भलतीकडे गेला. मोजणी पुन्हा एकपासून. माझ्या मुलीने बाही शिवून तंग करून दिली. तिने मदत केली ती एवढीच, पण केली.

वीसच यार्ड का, याचे गणित नातवाने मला कागदावर करून दाखविले. बाण सेकंदाला सुमारे २६० फूट जातो, आवाज सुमारे ११०० फूट. दोरीचा टणत्कार हरणाच्या कानावर बाणाच्या आधी पोचतो. वीस यार्डांवर हरणाला सेकंदाचा पाचवा हिस्सा मिळतो. चाळीसवर त्याच्या दुपटीजवळ. तेवढ्यात ते उडी घ्यायला खाली दबते आणि बाण फुप्फुसाऐवजी पाठीत जातो. धनुष्य कितीही महाग घ्या, आवाजाशी कोणाची शर्यत लागत नाही. आणि दिसल्याशिवाय सोडायचा नाही. दशरथ राजाने आवाजावर बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला. त्या शिक्षणक्रमात राजाला पहिल्याच धड्याला नापास केले असते.

ऑक्टोबरच्या अखेरीस एका संध्याकाळी मीही बरोबर गेले. मचाणावर चढणे माझ्या गुडघ्यांना शक्य नव्हते, म्हणून ओकच्या कडेला कापडी खोपटे उभारले. जाण्यापूर्वी मला आज्ञा झाल्या : डोक्याला खोबरेल नको, गुडघ्याला अमृतांजन तर मुळीच नको. हरणाचे नाक सगळ्यांत तिखट. वारा त्याच्याकडून आपल्याकडे यावा अशा जागी बसायचे. दोन कांबळी पांघरून, वास नसलेली मी, घडीच्या खुर्चीवर जाऊन बसले.

असे निवांत बसणे मला आयुष्यात ठाऊक नव्हते. शिक्षिकेची नोकरी आणि संसार, यांत कोण बसू देतो? अर्ध्या तासाने रान आम्हाला विसरले. खारी पानांतून धावू लागल्या. रानटी टर्की कोंबड्यांची रांग लग्नाला निघाल्यासारखी गेली. दूर नदीच्या अंगाने क्रौंच पक्ष्यांचा आवाज आला. उंच, खर्जातला, ताशासारखा तडतडणारा. व्याधाच्या शेजारी बसून क्रौंचाचा आवाज ऐकणे, हे वाल्मीकींच्या वाचकाला जरा चमत्कारिक वाटते.

सूर्य टेकडीला लागला तेव्हा ती आली. मादी, आणि मागे या वर्षीचे, ठिपके गेलेले पाडस. ती मक्याच्या कडेला उभी राहिली. इतकी स्वच्छ, इतकी आडवी, की चित्रातच काढावी. जावयांनी अंतर मोजण्याची दुर्बीण डोळ्याला लावली आणि मला बोटांनी दाखविले : चौतीस. त्यांचा हात धनुष्याच्या मुठीवर होता. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. अंगणात तीसवर त्यांचे पुष्कळ बाण लागले होते, मी स्वतः पाहिले होते. त्यांनी दोरीला हात लावला नाही. ती सात-आठ मिनिटे चरली, कान हलविले, आणि रानात शिरली. अंधार पडेपर्यंत आम्ही तसेच बसलो.

घरी मुलीने विचारले, “काय झाले?” जावई म्हणाले, “चौतीस होते.” तिने मान हलविली आणि त्यांच्यापुढे गरम आमटीची वाटी ठेवली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. तरुण नर, सतरा यार्ड, आडवा, चालता चालता थांबलेला. मुलगी म्हणाली, “मी येते.” मग मीही निघाले. पोचलो तेव्हा काळोख झाला होता आणि जावई व शेतकरीबुवा गोठेघराच्या पायरीवर घड्याळ पाहत बसले होते. निदान अर्धा तास थांबायचे, अशी रीत. लगेच मागे लागले तर जनावर जखम घेऊन दूर पळते. जावयांचे हात थरथरत होते. चहाचा पेला त्यांना धरवेना.

माग काढायला मुलीने कंदील घेतला. पानांवर रक्त होते, फिकट गुलाबी, फेसाळ. शेतकरीबुवांनी एक पान तिच्या उजेडात धरले आणि म्हणाले, “फुप्फुस.” ऐंशी पावलांवर ते पडलेले होते. मान पुढे, डोळे उघडे. मुलगी त्याच्याजवळ गुडघे टेकून बसली, बराच वेळ. नंतर उठली आणि तिने कंदील वर धरला, म्हणजे काम दिसावे.

नारिंगी मुठीचा चाकू मी तेव्हा चालताना पाहिला. धार वर करून, पात्याच्या दोन्ही अंगांना दोन बोटे ठेवून, कातडीच तेवढी उकलत न्यायची. आतले काही टोचायचे नाही. शेतकरीबुवा सांगत होते, जावई करीत होते. एकदा चाकू पानांत पडला आणि मुलीने तो तत्काळ उचलून दिला. मी काही बोलले नाही, पण मूठ कोणी निवडली हे सर्वांना ठाऊक होते.

या भागात एक रोग आहे. २००२ साली तो माउंट होरेब गावाजवळच्या हरणांत प्रथम सापडला. मेंदू झिजून हरिण खंगत जाते. त्याचे कारण जंतू नव्हे, बिघडलेले प्रथिन, आणि ते शिजवून नष्ट होत नाही. माणसाला तो झाल्याचे आढळलेले नाही, पण तपासल्याशिवाय खाऊ नये, आणि रोग निघाला तर मांस टाकून द्यावे, असे आरोग्यखाते सांगते. म्हणून हातमोजे घालायचे, कणा आणि मेंदू यांना चाकू लावायचा नाही, आणि गळ्यातल्या गाठी तपासायला डोके सरकारने ठेवलेल्या पेटीत नेऊन टाकायचे. काम झाल्यावर चाकू धुऊन, घरगुती ब्लीचच्या दाट पाण्यात पाच मिनिटे बुडवायचा. इतक्याने पोलादावरचे ते प्रथिन निकामी होते, असे २०१९ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. एकसंध पात्याचा, सांधा नसलेला चाकू घेतला तो या कामीही बरा पडला. तो स्वयंपाकघरात आणायचा नाही, ही मुलीची तिसरी अट.

मांसाची पुडकी फ्रीझरमध्ये गेली आणि त्यांवर मुलीने चिठ्ठी चिकटविली : ‘थांबा’. तेरा दिवस आम्ही थांबलो. त्यात बंदुकांचा नऊ दिवसांचा मोसमही येऊन गेला. टेकड्यांकडून दिवाळीसारखे आवाज यायचे. चौदाव्या दिवशी निकाल आला : रोग नाही. मी खोबरे भाजले, बरोबर नेलेला मालवणी मसाला काढला. हे मांस चरबीचे नव्हे, शिजायला वेळ घेते, पण रस्सा छान होतो. शेतकरीबुवा आणि त्यांच्या पत्नी जेवायला आल्या. बुवांनी तीन पेले दूध पिऊन दोन वाट्या संपविल्या. मुलीने आधी एकच फोड घेतली, मग आणखी वाढून घेतली.

धनुष्याचा मोसम जानेवारीत संपतो आणि जावयांकडे मादीचा एक परवाना शिल्लक होता. मी निघाले त्या सकाळी अंगणात टाचेएवढे बर्फ होते. मोटारीत सामान ठेवून झाले तरी जावई दिसेनात. पाहते तर ते परसात तिवई मांडून, जाड कोट घालून, पाय उचलून दोरी ओढून बघत होते. थंडीत ५२ जरा जड जातात, म्हणाले. पेच फिरवून ४८ वर आणले आहेत.